अमेरिकेत प्रमाणित चाचण्यांच्या आधारे सरकारी शाळांना जबाबदार कसे धरले जाते?

जानेवारी २००२ मध्ये संमत झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने राज्यांना तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी, आणि त्यापुढे हायस्कूलमध्ये एकदा, वाचन व गणिताची चाचणी घेणे बंधनकारक केले. निकाल वंश, गरिबी, अपंगत्व आणि इंग्रजीचे अपुरे ज्ञान यांनुसार वेगवेगळा जाहीर करावा लागत असल्याने चांगल्या सरासरीआड मागे पडलेली मुले लपवता येईनात. या कायद्याचे खरे श्रेय माझ्या मते एवढेच.

२०१४ पर्यंत सर्वच विद्यार्थी प्रवीण व्हावेत, हे उद्दिष्ट मात्र अवास्तव होते. गरीब विद्यार्थ्यांसाठीचा केंद्रीय निधी घेणाऱ्या शाळेचे लक्ष्य सलग दोन वर्षे हुकले, की पालकांना मूल दुसऱ्या शाळेत घालण्याची मुभा मिळे, आणि घसरण चालूच राहिली तर प्रकरण शाळेच्या पुनर्रचनेपर्यंत जाई. प्रवीणतेची पातळी राज्येच ठरवत असल्याने काहींनी ती सरळ खाली आणली. अटलांटात तर शिक्षकांनीच उत्तरे खोडून दुरुस्त केली; त्या खटल्यात २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्याने चाचण्या कायम ठेवल्या, पण मागे पडलेल्या शाळांचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार बराचसा राज्यांकडे सोपवला.