जुनी ओबीएम भार घेत नाही, गुदमरते. सीडीआय बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यामाहाची १५ एचपीची जुनी टू-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन), दोन सिलिंडरची. पावसाळाभर पडवीत उभी होती, ऑगस्टात फायबरच्या होडीला लावली. दोन-तीन ओढीत चालू होते, हळू व्यवस्थित चालते, पण वेगाची मूठ अर्ध्याच्या पुढे फिरवली की गुदमरते, आचके देते, कधी बंदच पडते. एका मेकॅनिकने प्लग बदलले, दुसऱ्याने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून दिला, फरक पडला नाही. तिसरा म्हणतो कॉइल आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारे विजेचे भाग) दोन्ही बदला.

अजून बदलू नका. हळू नीट चालणं आणि भार आला की गुदमरणं हे बहुतेक वेळा पेट्रोल कमी पोचत असल्याचं लक्षण असतं. मी मालवणकडे हीच इंजिनं दुरुस्त करतो. हंगाम सुरू होताना हातात असलेले चार पैसे अंदाजाने बदललेल्या भागांवर जातात हे मला बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. पेट्रोल, करंट (प्लगची ठिणगी) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) या तिघांपैकी दोषी कोण, हे जवळजवळ फुकटात ठरवता येतं. ते ठरल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

पहिली गोष्ट, चाचणी पाण्यावर घ्या, पिंपात नको. पिंपात पंख्यावर खरा भार येत नाही. शिवाय इंजिनाचा धूर तिथेच कोंडतो आणि परत आत ओढला जातो, त्यामुळे चांगलं इंजिनसुद्धा पिंपात आजारी वाटतं. खाडीत आतल्या बाजूला, भरतीच्या शांत पाण्यात जा. सोबत दुसरा माणूस, वल्ही आणि नांगर हवाच. असं इंजिन घेऊन खाडीच्या तोंडाबाहेर जाऊ नका.

निघण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा आहे का बघा. तो बंद असला किंवा मिठाने बुजला असला तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल ओढताना पोकळी तयार होते आणि इंजिन काही मिनिटांनी मरतं. झाकण सैल केल्यावर सुधारलं तर तुमचं काम तिथेच झालं.

आता मूठ फिरवा. गुदमरायला लागलं की सोबतच्या माणसाला नळीवरचा बल्ब पिळायला सांगा. पिळल्याबरोबर इंजिन उचललं, तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाहीये. म्हणजे दोष टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी आहे: फिल्टर, नळी, जोडाचा ओ-रिंग, बल्बचे व्हॉल्व किंवा पंपाचा पडदा. पिळून काही झालं नाही, तर चोक (कार्बोरेटरची हवा कमी करणारी कळ) थोडासा ओढून बघा. चोकने सुधारलं तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येतंय पण जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) पुरेसं बाहेर पडत नाही. चोकने आणखी बिघडलं तर मात्र करंटकडे वळायचं.

याच फेरीत आणखी एक काम उरकून घ्या. इंजिन गुदमरत असतानाच, मूठ न सोडता, लाल दोरीची क्लिप ओढून ते बंद करा. बटण असेल तर बटण दाबा. तिथेच नांगर टाकून दोन्ही प्लग काढा. हळू चालवत किनाऱ्यावर येऊन प्लग बघितले तर ते हळू चालण्याचा रंग दाखवतात, आजार लपतो. दोन्ही प्लग पांढरट, कोरडे असतील तर दोन्ही सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय. एक बदामी आणि दुसरा काळा, ओला असेल तर तो दुसरा सिलिंडर पेटतच नाहीये. एखादा प्लग धुतल्यासारखा लख्ख दिसला तर आत पाणी जातंय, बहुधा हेड गॅस्केट गेलंय.

तुमच्या इंजिनात दोन्ही सिलिंडरना एकच कार्बोरेटर आहे, आणि शोध सोपा होतो तो यामुळेच. कार्बोरेटरचा दोष असेल तर दोन्ही प्लग सारखेच दिसतील. एकच सिलिंडर मेलेला असेल तर कार्बोरेटर उघडण्यात अर्थ नाही. कॉइलसुद्धा नीट बघा. एकाच कॉइलमधून दोन वायरी निघत असतील, तर सीडीआय गेल्यावर दोन्ही प्लगचा करंट एकदम जातो. एका बाजूला करंट आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर आधी ती वायर, तिची टोपी आणि मग कॉइल. सीडीआयचा नंबर फार नंतर लागतो.

करंट तपासताना गॅपवाला टेस्टर वापरा, तो महाग नसतो. प्लगच्या भोकाजवळ ठिणगी पाडून बघू नका, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. टोपी काढून इंजिन फिरवायचं असेल तर ती बॉडीला अर्थ केलेली हवी, नाहीतर चांगला सीडीआय तुमच्याच हातून जळेल. थंड असताना करंट ठणठणीत आणि पंधरा-वीस मिनिटांनी गायब, असं होत असेल तरच मी कॉइलवर किंवा फ्लायव्हीलखालच्या वाइंडिंगवर संशय घेईन. तुमचं इंजिन थंड असतानाही गुदमरतंय, म्हणून तिसऱ्या मेकॅनिकचं निदान मला पटत नाही. प्लगचा नंबर मात्र ताडून बघा. या इंजिनांना एनजीकेचा बी७एचएस-१० लागतो, गॅप सुमारे १ मिमी. घाईत मोटरसायकलचा कुठला तरी प्लग बसवलेला मी अनेकदा काढलाय.

कार्बोरेटर खोलण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन थोडं गरम, दोन्ही प्लग बाहेर, वायरी अर्थ केलेल्या, मूठ पूर्ण उघडी, आणि काटा हलायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. आकडा गेजप्रमाणे थोडा बदलतो, त्यामुळे दोन सिलिंडरमधला फरक बघा. तो १० टक्क्यांच्या आत हवा. एक १२० पीएसआय आणि दुसरा ८० असेल, तर कार्बोरेटर कितीही साफ केला तरी ते इंजिन उचलणार नाही.

आता पेट्रोलबद्दल, कारण माझा संशय तिथेच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात इंजिन पडवीत आणि अर्धी भरलेली टाकी त्याच्या बाजूला, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. पूर्वीचं पेट्रोल एवढा काळ कसंबसं निभावून न्यायचं. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या आषाढात हवा किती दमट असते हे तुम्हाला सांगायला नको. त्यात झाकणातून पावसाचं थोडं पाणी शिरलं की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं. टू-स्ट्रोकमध्ये याचा धोका दुप्पट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि टाकीची नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनात जातं ते वंगण नसलेलं मिश्रण. त्यावर जोरात चालवलं तर पिस्टन धरतो.

म्हणून टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा पाण्याचे थेंब दिसले तर सगळी टाकी रिकामी करून कोरडी करा. ते पेट्रोल खाडीत ओतू नका. थर दिसला नाही तरी दोन महिन्यांचं पेट्रोल या चाचण्यांसाठी वापरू नका. ताजं घ्या, त्यात टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं आउटबोर्ड ऑइल घाला. ५०:१ म्हणजे १० लिटरला २०० मिली. स्कूटरचं टू-टी ऑइल चालत नाही. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं, त्याची राख प्लगवर आणि रिंगांत बसते.

नळीही हाताने वाकवून बघा. जुन्या रबराचं आतलं अस्तर इथेनॉलने फुगतं, सुटतं, आणि पेट्रोलचा ओढा वाढला की आतल्या आत रस्ता बंद करतं. बाहेरून नळी नवीकोरी दिसेल. बल्ब पिळून कडक होत नसेल किंवा कडक होऊन लगेच मऊ पडत असेल तर व्हॉल्व गेलेत किंवा जोडातून हवा ओढली जातेय. मी असं जुनं इंजिन हातात घेतलं की नळी, बल्ब आणि पंपाचा पडदा बदलायला सांगतोच. सीडीआयच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

कार्बोरेटरचा जो स्क्रू दुसऱ्या मेकॅनिकने फिरवला, तो फक्त हळू चालण्याचं मिश्रण ठरवतो. अर्ध्याच्या पुढे पेट्रोल मेन जेटमधून येतं, तिथे त्या स्क्रूचा संबंध नाही. तो हलक्या हाताने आत टेकवून मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे बाहेर काढा. बहुतेक छोट्या इंजिनांत ते दीड फेऱ्याच्या आसपास असतात. मग खालचं भांडं उघडा. तळाला पांढरी भुकटी म्हणजे मिठाच्या पाण्याने खाल्लेलं ॲल्युमिनियम, आणि हिरवट-तपकिरी चिकट थर म्हणजे वाळलेलं पेट्रोल. मेन जेट काढून उजेडासमोर धरा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. स्टीलच्या तारेने टोचू नका, जेट पितळेचा असतो आणि भोक मोठं होतं. कार्ब क्लीनरमध्ये भिजत ठेवा, हवेने फुंका. भोक उघडं दिसलं तरी कार्बोरेटरच्या अंगातले बारीक रस्ते बुजलेले असू शकतात, त्या प्रत्येक रस्त्यातून क्लीनर दुसऱ्या टोकाला बाहेर येतो का ते बघा. बसवताना एकदा मूठ पूर्ण फिरवून आतली पाकळी पूर्ण आडवी होते का तेही बघा. केबल ताणल्यामुळे किंवा लिंकचा छोटा जोड निसटल्यामुळे पाकळी अर्धीच उघडते, आणि माणूस महिनाभर कार्बोरेटर धूत बसतो.

इंजिन जोरात ओरडतं पण होडी पुढे जात नाही, असंही तुमच्याकडे होतंय का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण जुन्या इंजिनांत पंख्याच्या आतलं रबर सुटतं. आतल्या आणि बाहेरच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ मारा. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर रबर गेलं. पंखा काढलाच आहे तर मागे तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेली आहे का बघा. ती सील कापते, मग गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं.

थंड करणारं पाणीही तपासा. मागच्या भोकातून धार जोरदार हवी. रेतीच्या खाडीत इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी चक्र) लवकर झिजतो, दोन हंगामांपेक्षा जास्त काळ तो मी ठेवत नाही. पाण्याबाहेर इंजिन क्षणभरसुद्धा चालवू नका, सुका इम्पेलर लगेच जळतो.

शेवटी खर्चाचा निर्णय. कॉम्प्रेशन दोन्हीकडे चांगलं असेल तर या इंजिनावर नळी, पंपाचा पडदा, कार्बोरेटर किट आणि इम्पेलर एवढा खर्च डोळे मिटून करा, भाग अजून सहज मिळतात. एक सिलिंडर उतरलेला असेल तर हेड काढून भिंत बघा. नुसते ओरखडे असतील तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवता येतो. पण पाण्याच्या वाटा मिठाने खाल्लेल्या दिसल्या, गॅस्केट बसते ती कड खड्ड्यांनी भरलेली असली, तर त्या ब्लॉकवर पैसे घालू नका. तो पार्टसाठी ठेवा आणि चांगल्या ब्लॉकचं दुसरं इंजिन शोधा.