गाडी उचलली, आता शॉक कुठला?

प्रश्न : माझी 2014 ची थार सीआरडीई आहे. मागे नवे पाटे (लीफ स्प्रिंग) टाकून आणि पुढचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आवळून गाडी दोन इंच उचलली. शॉक (शॉक अ‍ॅबसॉर्बर) जुनेच ठेवले. धारूरकडच्या कच्च्या वाटांवर मागचं चाक खड्ड्यात उतरलं की 'ठक्' असा आवाज येतो, आणि डावा शॉक आता तेल गाळतोय. मेकॅनिक म्हणतो, गॅसचे कडक शॉक टाका. टाकू का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : तूर्त नको. तो आवाज शॉक आखूड पडल्याचा आहे. गाडी उचलली तेव्हा जागेवर उभी असतानाच शॉकचा दांडा दोन इंच जास्त बाहेर आला. चाक लोंबकळलं की तो पूर्ण ताणला जातो, आतला पिस्टन वरच्या गाइडवर आदळतो आणि सील जातं. कडक शॉकही आखूडच असेल तर तोही असाच आदळणार.

आधी टेप घ्या. गाडी सपाट जागी उभी करून शॉकच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजा. मग बंप रबर (चाक फार वर आलं की अडवणारा रबरी ठोकळा) आणि हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं लोखंडी आवरण) यांमधलं अंतर मोजा आणि आधीच्या मापातून वजा करा. रबर दबतं, म्हणून त्याची निम्मी उंचीही वजा करा. हे मिटलेलं माप. शॉक तिरका असेल तर खरं अंतर याहून थोडं जास्तच भरतं, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला. लोंबकळण्याचं माप घेताना शॉक काढून ठेवा, चासीखाली स्टँड लावा हाउसिंग पूर्ण खाली सोडा आणि पुन्हा बोल्टपासून बोल्टपर्यंत मोजा. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

समजा मिटलेलं माप 380 आणि लोंबकळतं 550 मिमी आलं. मग मिटलेला शॉक 365 पेक्षा लांब नको आणि उघडलेला 565 पेक्षा आखूड नको. दोन्ही जुळत नसतील तर मिटलेल्या लांबीत तडजोड करू नका, कारण तिथे शॉक आपटला की चासीचा ब्रॅकेटच फाटतो. उघडी लांबी कमी पडली तर हाउसिंग फार खाली जाऊ नये म्हणून तिला पट्टा बांधता येतो.

आता कडकपणा. नवे पाटे जाड असतील तर त्यांची उसळी आवरायला रिबाउंड (शॉक उघडतानाचा विरोध) थोडा जास्त हवा, पण थोडाच. फार कडक शॉक असला तर मुरमाच्या खडबडीत रस्त्यावर चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी बंप रबरावर आपटू लागते. शॉक वजन पेलत नाही, ते पाट्यांचं काम. बसलेली गाडी कडक शॉकने उचलण्याच्या भानगडीत पडू नका.

तुमच्या वापराला कमी दाबाच्या नायट्रोजनचा ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेला) किंवा फोम सेल (गॅसच्या जागी फोम असलेला) शॉक पुरे. मोनोट्यूब (एकाच नळीचा) लवकर थंड होतो, पण त्याच्या नळीवर काळ्या दगडाचा पोचा पडला की पिस्टन अडकतो. काळ्या रानातून आलात की दांडा त्याच दिवशी धुवा. तो चिखल वाळला की क्रोमवर ओरखडे पाडतो आणि सील कापतो. धुळीचं रबरी बूट असेल तर आत साचलेलाही काढा.

पुढच्या चाकांची गोष्ट वेगळी. टॉर्शन बार आवळल्याने चाकाची एकूण हालचाल वाढत नाही, फक्त खालची हालचाल वरच्या बाजूला जाते. म्हणून तिथे मूळ लांबीचेच शॉक ठेवा. चाक दीड इंचही खाली जात नसेल तर बार थोडे सैल करा आणि अलाइनमेंट करून घ्या.

बसवण्याआधी ट्विन ट्यूब उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, हवा निघते. बुशचे (शॉकच्या टोकांतल्या रबराचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून फाटतं.

प्रश्न : बोनेट दाबून सोडलं की शॉकची परीक्षा होते का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : उचललेल्या, कडक पाट्यांच्या गाडीत नाही. वीसेक किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून चारही शॉक हाताने चाचपा, जपून, चटका बसतो. एकच थंड लागला तर तो काम करत नाही. अंगावर ओलसर धूळ चालते. थेंब गळत असेल तर त्या अ‍ॅक्सलवरची जोडीच बदला.