चर्चच्या आवारात गाळे आणि यादीतून गेलेलं नाव

प्रश्न (थोडक्यात): आमचं छोटं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. चर्च मिशनच्या काळातलं, आवार २ एकर १४ गुंठ्यांचं, मागच्या बाजूला दफनभूमी. पंच कमिटीचे सचिव आणि दोन पंच यांनी रस्त्याकडची ११ गुंठे जागा गाळे बांधायला २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका बांधकाम व्यावसायिकाला देण्याचा करार केला आहे. ३५ लाख रुपये अनामत घेतली असं ऐकतो. ज्या सभेचा ठराव दाखवतात ती सभा झालीच नाही. ठरावाखाली मंडळीतल्या (म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या) दोघांच्या सह्या आहेत, पण त्या आपल्या नाहीत असं ते दोघं सांगतात. रविवारच्या उपासनेनंतर मी हिशेब मागितला, तर पुढच्या महिन्यात मतदार सभासदांच्या यादीतून माझं नाव गेलं आणि प्रभुभोजनाला (भाकरी आणि द्राक्षरसाच्या विधीला) येऊ नका असं सांगण्यात आलं. आई अंथरुणाला खिळली आहे आणि आता 'तुमच्या घराला दफनभूमीत जागा नाही' असा निरोप आला आहे. दिवाणी दावा लावावा की पोलिसांत जावं?

उत्तर:

तुमच्या पत्रात एकाला एक चिकटलेली तीन प्रकरणं आहेत: जागेचा व्यवहार, तुमचं सभासदत्व आणि दफनभूमी. प्रत्येकाचं दार वेगळं आहे. तिन्ही एकाच अर्जात घातलीत तर समोरचे वकील पहिल्याच तारखेला 'हा वैयक्तिक राग आहे' म्हणतील आणि जागेचा मुद्दा मागे पडेल. म्हणून आधी जागा. तिथे दिवस मोजून काम करावं लागेल, कारण एकदा पाया खणला आणि गाळ्यांचे ताबे दिले गेले की प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळतं.

दिवाणी दावा आत्ता लावू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (जुन्या कागदांत याचं नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असेल) याच्या कलम ८० प्रमाणे, जे प्रश्न धर्मादाय यंत्रणेने (सार्वजनिक ट्रस्टवर देखरेख ठेवणारे धर्मादाय आयुक्त आणि त्यांचे अधिकारी) ठरवायचे आहेत ते दिवाणी न्यायालयाला ठरवता येत नाहीत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (अनेक चर्चच्या विलीनीकरणातून झालेल्या संस्थेच्या) एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हेच सांगितलं: मिळकत कोणत्या ट्रस्टची आणि तिचा वारसा कोणाकडे, हे प्रश्न या कायद्याखालच्या अधिकाऱ्यांपुढेच जायचे. ट्रस्टच्या वतीने कलम ५० चा दावा करता येतो, पण त्याला हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती आणि कलम ५१ खाली धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती लागते. थेट कोर्टात गेलेले बरेच जण वर्ष-दोन वर्षांनी 'अधिकारक्षेत्र नाही' एवढंच ऐकून परत येतात, आणि तोवर इमारत उभी राहिलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात तुमच्या चर्चच्या नोंदणीची परिशिष्ट १ ची प्रमाणित नक्कल मागा. बोलताना लोक त्याला शेड्यूल वन किंवा पीटीआरचा (सार्वजनिक ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा म्हणतात. ख्रिस्ती ट्रस्टचा नोंदणी क्रमांक 'ड' अक्षराने सुरू होतो. त्यात विश्वस्तांची नावं, विश्वस्त नेमण्याची पद्धत आणि मिळकतींचं वर्णन असतं. बहुतेक ठिकाणी लढा इथेच निम्मा ठरतो, म्हणून हा कागद नीट वाचा.

मंडळीतल्या लोकांना वाटतं पंच कमिटी म्हणजे विश्वस्त. पुष्कळदा तसं नसतं. मिशनच्या काळात घेतलेल्या जमिनी त्या त्या मिशनच्या किंवा तिच्या मिळकती सांभाळणाऱ्या एखाद्या शहरातल्या ट्रस्टच्या नावावर होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि अनेक मंडळ्या तिच्यात आल्या, पण मंडळी सामील झाली म्हणून जमीन आपोआप नव्या नावावर जात नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्रेदरन चर्चच्या प्रकरणात हेच धरलं की विलीनीकरणाचा नुसता ठराव पुरत नाही, ट्रस्टच्या कायद्याप्रमाणे रीतसर पावलं टाकलेली असावी लागतात. तुमच्या परिशिष्टात विश्वस्त म्हणून दुसरीच संस्था निघाली, तर सचिवांनी आणि दोन पंचांनी केलेल्या कराराला पायच उरत नाही, कारण जे त्यांच्या हातात नाही ते ते भाड्याने देऊ शकत नाहीत. अशा वेळी त्या संस्थेला रजिस्टर पोस्टाने लगेच कळवा. तिचं मौन ही पुढे तुमच्या अर्जातली महत्त्वाची बाब होईल.

पंच खरोखर विश्वस्त असतील तरी त्यांची निवड कलम २२ खालच्या बदल अर्जाने नोंदवलेली आहे का ते पाहा. बदल झाल्यापासून ९० दिवसांत हा अर्ज करायचा असतो. कधी कधी परिशिष्टावर पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या, आता हयातही नसलेल्या विश्वस्तांची नावं राहिलेली असतात आणि आजची कमिटी कागदोपत्री कुठेच नसते. प्रलंबित बदल अर्ज असेल तर त्यात हरकत घ्या. हरकतीची मुदत नोटिशीत लिहिलेली असते, ती चुकवू नका.

आता करार. कलम ३६ अगदी स्पष्ट आहे. ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. भाडेपट्ट्याला शेतजमिनीसाठी १० वर्षांची आणि बिगरशेती जमीन किंवा इमारतीसाठी ३ वर्षांची मर्यादा आहे, त्यापुढे मंजुरीशिवाय जाता येत नाही. २९ वर्षं म्हणजे या मर्यादेच्या कितीतरी बाहेर. करार तीन वर्षांचा दाखवून आत 'भाडेकरूच्या इच्छेने नूतनीकरण' अशी कलमं घालण्याची युक्तीही केली जाते, त्यामुळे कराराचं पहिलं पान पाहून थांबू नका. मंजुरीच्या अर्जात ट्रस्टची गरज काय आणि व्यवहार ट्रस्टच्या हिताचा कसा हे लिहावं लागतं, सोबत तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल जोडावा लागतो. असा अर्ज केला आहे का, हे त्याच कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली विचारा. 'मंजुरी मागून घेऊ' असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. २०१७ च्या दुरुस्तीने मागाहून मंजुरीची वाट ठेवली आहे, पण ती अपवादात्मक परिस्थितीसाठी. खोटा ठराव हा त्या मंजुरीच्या विरोधातला तुमचा सर्वांत जड पुरावा ठरेल.

याच आठवड्यात जमा करायचे कागद: ७/१२ उतारा (जागा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका), त्यावरचे सगळे जुने फेरफार, मोजणी नकाशा, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून या गटाची सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्तांची सूची). सूचीवरून करार नोंदवला गेला आहे की अजून स्टॅम्पपेपरवरच आहे ते कळेल. ७/१२ वर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं: ११ गुंठे म्हणजे साधारण ११ आर, आणि पूर्ण आवार ९५ आरच्या आसपास. अर्जात गुंठे आणि उताऱ्यात आर, गट क्रमांक एक आणि कराराच्या मसुद्यात दुसरा, अशा फरकाने अर्ज उगाच लटकतात. फेरफारात जमीन शासनाने दिलेली आणि भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर बंधन असलेली) निघाली, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हा आणखी एक स्वतंत्र अडसर आहे. तो मुद्दाही मांडा.

करार नोंदवला गेला नसेल तर दुय्यम निबंधकांना लेखी हरकत द्या आणि परिशिष्ट १ ची नक्कल जोडा. कलम ३६ ची मंजुरी करारासोबत जोडलेली नाही, हे हरकतीत स्पष्ट लिहा. तलाठ्याकडेही अर्ज देऊन ठेवा. फेरफाराची नोटीस निघाल्यावर १५ दिवसांत हरकत आली की नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि सहजासहजी मंजूर होत नाही.

मुख्य शस्त्र मात्र कलम ४१ ई. ट्रस्टची मिळकत वाया जाण्याचा, तिला नुकसान पोचण्याचा किंवा ती गैररीतीने हस्तांतरित होण्याचा धोका असेल तर धर्मादाय आयुक्त मनाई हुकूम देऊ शकतात. अर्जात सचिव आणि दोन्ही पंचांबरोबर बांधकाम व्यावसायिकालाही पक्षकार करा. तो राहिला तर हुकूम मिळूनही जागेवर जेसीबी चालू राहतो. मागण्या नेमक्या लिहा: ताबा देऊ नये, खोदकाम व वृक्षतोड करू नये, तिसऱ्या कोणाचा हक्क निर्माण करू नये, घेतलेली अनामत ट्रस्टच्या बँक खात्यात जमा करून तशीच ठेवावी, आणि निरीक्षकामार्फत जागेची पाहणी करून अहवाल मागवावा. अंतरिम मनाईचा अर्ज वेगळा आणि त्याच दिवशी द्या. तो द्यायचा राहून जातो आणि मूळ अर्जाला फक्त तारखा पडत राहतात. सोबत प्रतिज्ञापत्र आणि तारखेसह फोटो जोडा. एका फोटोत दफनभूमीची भिंत आणि खोदकाम यांच्यातलं अंतर दिसू द्या.

अर्जदार कोण, हा प्रश्न तुमच्या बाबतीत नाजूक आहे. असा अर्ज करायला कायद्याच्या अर्थाने 'हितसंबंध असलेली व्यक्ती' असावं लागतं. चर्चच्या ट्रस्टमध्ये याचा अर्थ विश्वस्त किंवा लाभार्थी. यादीतून तुमचं नाव काढण्यामागे, माझ्या मते, हेच कारण असावं: तुम्ही अर्ज केलात की 'हे सभासदच नाहीत' म्हणता यावं. म्हणून एकटे जाऊ नका. यादीत नाव कायम असलेले तीन-चार जण सहअर्जदार घ्या. ज्यांच्या खोट्या सह्या झाल्या ते दोघं तयार असतील तर पहिली नावं त्यांचीच ठेवा. शिवाय तुमचे बाप्तिस्म्याचे आणि दृढीकरणाचे दाखले, लग्नाची चर्चमधली नोंद आणि वर्गणीच्या पावत्या जोडा. लाभार्थी असणं मतदार यादीवर ठरत नाही.

हिशेबासाठी पंचांशी वाद घालण्याची गरज नाही. ट्रस्टचे हिशेब तपासून अहवाल धर्मादाय कार्यालयात सादर करणं हे कलम ३३ आणि ३४ प्रमाणे बंधनकारक आहे. मागच्या पाच वर्षांचे अहवाल तिथूनच नकलेने काढा आणि ३५ लाख कुठल्या वर्षात, कुठल्या नावाखाली आले ते पाहा. अहवालच नसतील, किंवा रक्कम एखाद्याच्या खासगी खात्यात गेली असेल, तर कलम ४१ डी खाली विश्वस्तांना निलंबित किंवा दूर करण्याचा अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तो मनाई हुकुमाच्या नंतर.

पोलिसांत जायचं ते फक्त खोट्या सह्यांसाठी आणि पैशांसाठी, आणि तक्रार त्या दोघांनी द्यायची, कारण खोट्या सह्या त्यांच्या नावाने झाल्या आहेत. भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवजासाठी कलम ३३६ आणि तो वापरण्यासाठी कलम ३४०, विश्वासघातासाठी कलम ३१६ आहे. तक्रारीसोबत त्या दोघांच्या बँकेतल्या किंवा जुन्या नोंदींतल्या खऱ्या सह्यांचे नमुने द्या. आणि एक कळकळीची विनंती: रविवारी उपासना चालू असताना आवाज चढवू नका. उपासना मोडल्याचा गुन्हा (कलम ३००) तुमच्यावरच दाखल होईल, आणि मंडळीतल्या ज्या वयस्कर लोकांना तुमचं म्हणणं पटतं आहे तेही दुरावतील.

सभासदत्वाचं थोडक्यात. प्रभुभोजन कोणाला द्यावं हा आध्यात्मिक शिस्तीचा भाग आहे, त्यात न्यायालयं सहसा पडत नाहीत. मतदार यादीतून नाव काढणं वेगळं. तुमच्या चर्चच्या घटनेत नोटीस, म्हणणं मांडण्याची संधी आणि वरच्या मंडळाकडे अपील यांची पद्धत असेल, तर ती पाळल्याशिवाय काढलेलं नाव टिकणं कठीण. घटनेची प्रत मिळवा, पाळकसाहेबांना लेखी पत्र देऊन नाव कोणत्या ठरावाने काढलं ते विचारा आणि पोच घ्या. मग धर्मप्रांताच्या (तुमच्या भागातल्या मंडळ्यांच्या वरच्या मंडळाच्या) कार्यालयाकडे अपील करा.

दफनभूमीबद्दल मात्र थांबून चालणार नाही, कारण ती वेळ सांगून येत नाही. महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण अधिनियम, २०१६ फक्त जातपंचायतींपुरता नाही, एकाच धर्माच्या समूहालाही तो लागू होतो. समाजातल्या कोणाला अंत्यविधी करण्यापासून अडवणं हा त्याखाली बहिष्कार आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निरोप तोंडी आला आहे, म्हणून आजच पाळक आणि सचिव यांना पत्र लिहा: अमुक तारखेला अमुक व्यक्तीने असा निरोप दिला, तो कमिटीचा निर्णय आहे का, सात दिवसांत लेखी कळवावं. कुटुंबातल्या कोणाकोणाच्या कबरी तिथे आहेत तेही पत्रात लिहा आणि कबरींचे फोटो काढून ठेवा. पत्राची प्रत पोलीस ठाण्यात आणि तहसीलदारांकडे देऊन पोच घ्या. उत्तर नकाराचं आलं किंवा आलंच नाही, तर बहिष्कार कायद्याखाली तक्रार नोंदवा. असा कागद आधीपासून पोलीस ठाण्यात असेल तर दफनाच्या दिवशी कोणी फाटक अडवल्यास बंदोबस्त मागणं सोपं जातं, आणि अंत्यविधीत अडथळा आणणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ लावता येतं. हे पत्र जागेच्या अर्जाला जोडू नका. आईच्या उशाशी बसून हे लिहिणं किती जड जाईल हे समजतं. तुमच्या भावाला किंवा बहिणीला लिहायला सांगा, पण सही तुमची असू द्या.