वाचकांचे प्रश्न : वॉस्प्स क्लब बुडाला कसा?

प्रश्न : इंग्लंडचा वॉस्प्स हा रग्बी युनियनचा (पंधरा-पंधरा खेळाडूंच्या रग्बीचा) क्लब 2004 आणि 2007 साली युरोपचा विजेता होता. ऑक्टोबर 2020 मध्ये तो इंग्लिश लीगची अंतिम लढतही खेळला. मग दोनच वर्षांत दिवाळे कसे निघाले?

उत्तर : मैदानावर संघ ठीकठाक होता. त्या अंतिम लढतीत तो एक्सेटरकडून 19-13 असा हरला, एवढेच. दुखणे मैदानाच्या मालकीचे होते. 1923 पासून लंडनमधले सडबरीचे मैदान हे क्लबचे घर. 1995 साली रग्बी युनियनमध्ये खेळाडूंना पगार द्यायला मुभा मिळाली आणि पुढच्याच वर्षी क्लब लॉफ्टस रोडवर गेला. ते क्वीन्स पार्क रेंजर्स या फुटबॉल क्लबचे मैदान. 2002 पासून लंडनजवळच्या हाय विकम गावचे ॲडम्स पार्क, तेही दुसऱ्याचेच. सहापैकी चार लीग विजेतेपदे या काळातली, 2003 ते 2008 मधली. पण सामना आपला आणि गल्ल्यातला मोठा वाटा घरमालकाचा, असा हा व्यवहार.

त्यावर उपाय म्हणून 2014 मध्ये क्लबने कोव्हेन्ट्रीचे बत्तीस हजार प्रेक्षकांचे रिको अरेना घेतले आणि लंडनचा परिसर कायमचा सोडला. मे 2015 मध्ये साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे काढले : मुदत सात वर्षे, व्याज साडेसहा टक्के. म्हणजे खेळाडूंच्या पगाराआधीच वर्षाला 22 लाख 75 हजार पौंड व्याजाचे. मुद्दल मे 2022 मध्ये एकरकमी फेडायचे होते. असे मुद्दल सहसा नवे कर्ज काढूनच फेडतात, आणि इथेच घात झाला. मार्च 2020 पासून कोरोनामुळे स्टेडियम ओस पडले. तिकिटे गेली, परिषदा आणि मैफलींचे भाडेही गेले. नवे कर्ज काही उभे राहिले नाही. त्यात कर खात्याची थकबाकी. 17 ऑक्टोबर 2022 रोजी कारभार दिवाळखोरीच्या कायद्याखाली नेमलेल्या प्रशासकाकडे गेला आणि खेळाडू धरून 167 जणांच्या नोकऱ्या त्याच दिवशी गेल्या. स्टेडियम विकत घेण्यापेक्षा मुद्दलाची सोय न करता ते रोख्यांवर घेणे, ही खरी चूक.

प्रश्न : क्लब 1867 चा, तरी 1871 च्या रग्बी फुटबॉल युनियन या इंग्लिश रग्बीच्या नियामक संघटनेच्या संस्थापकांत त्याचे नाव नाही. का?

उत्तर : 26 जानेवारी 1871 रोजी लंडनच्या पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये 21 क्लब जमले. वॉस्प्सची मंडळी भलत्याच ठिकाणी जाऊन बसली, असे सांगतात.

प्रश्न : मग लंडनमधल्या ॲक्टनला अजून वॉस्प्स नावाने खेळतात ते कोण?

उत्तर : तो हौशी क्लब. व्यावसायिक काळ सुरू झाल्यावर वॉस्प्सचे दोन भाग झाले. पगारी संघ वेगळ्या कंपनीकडे गेला, हौशी खेळाडू वॉस्प्स एफसी नावाने राहिले. हिशोब वेगळे असल्याने 2022 चे कर्ज त्यांच्या अंगावर आले नाही.