ऑर्डर अकरा महिन्यांची, नोटीस तीन महिन्यांची?

प्रश्न : कांदिवलीच्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत (एसएससी बोर्ड) मी गणित-विज्ञान शिकवते. तीन वर्षं झाली, दर जूनला अकरा महिन्यांची ‘तात्पुरती’ ऑर्डर मिळते. आता ठाण्यातल्या शाळेने जूनपासून बोलावलंय. ऑफिस म्हणतं, नोटिशीच्या बदल्यात तीन महिन्यांचा पगार भरा, तेव्हाच बी.एड.चं मूळ प्रमाणपत्र मिळेल. राजीनाम्यावर तारीखही घालू नका म्हणतात. काय करू?

उत्तर : तारखेविना सही करू नका. बाकीचं सावकाश पाहू.

खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळेलाही लागू आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला, दुसरी आपल्याकडे. (सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. खिडकीवर नोंदणीसह स्पीड पोस्ट मागा, पावती जपून ठेवा.) तारीख कोरी ठेवायला सांगतात ती उगाच नाही. सोयीची तारीख मग तेच घालतात.

आता पैशांचं. याच कायद्याखालच्या १९८१ च्या नियमावलीतला नियम ४० सांगतो : नोकरी सोडताना स्थायी कर्मचाऱ्याने तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची, अस्थायीने एका महिन्याची. तुमच्या तिन्ही ऑर्डरींवर संस्थेनेच ‘तात्पुरती’ लिहिलंय, मग तीन महिने कुठून आले? तेवढे हवे असतील तर तुम्ही स्थायी आहात हे तिने लिहून द्यावं, आणि दर मे महिन्यात सेवा का तोडली तेही सांगावं. ती सांगणार नाही. मात्र दोन्ही डगरींवर पाय तुम्हालाही ठेवता येणार नाही. ‘दोन वर्षं भरली, मी कायम झाले’ असा दावा केलात तर तीन महिने तुमच्याच गळ्यात पडतील. तुम्हाला जायचंच आहे, तेव्हा हा वाद उकरू नका.

घाई करायची ती एकाच गोष्टीची. नोटीस शाळेच्या मोठ्या सुट्टीत देता येत नाही, तिचा कोणताही भाग सुट्टीत येऊनही चालत नाही. तुमचं पत्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातलं आहे. ३१ मार्चच्या आत राजीनामा शाळेच्या हाती पडला, की अख्खा एप्रिल नोटिशीत भरतो आणि मेच्या सुट्टीआधी तुम्ही मोकळ्या.

प्रमाणपत्र तुमची मालमत्ता आहे, ते तारण ठेवून घ्यायचा अधिकार शाळेला नाही. कोणते मूळ कागद कधी दिले ते लिहून वेगळ्या पत्राने परत मागा, प्रत शिक्षण निरीक्षक, पश्चिम विभाग यांना. अशी प्रत गेली की कपाटाची चावी बहुधा सापडते, हा माझा अनुभव.

उलट त्यांनीच काढून टाकलं, तर शाळा न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस असतात, ते मोजत राहा.

अनुभवाचा दाखला त्याच पत्रात मागून घ्या. आणि ठाण्याला रुजू होताना मूळ कागद फक्त दाखवा, झेरॉक्स देऊन या.