विद्यापीठात नव्यानं बेसबॉल सुरू करायचं तर समितीनं काय काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या तुमच्या विद्यापीठापुढे पुरुषांचा बेसबॉल संघ आणि नवं स्टेडियम यांचा प्रस्ताव आला आहे, प्राध्यापक प्रतिनिधी म्हणून तुम्ही समितीवर आहात आणि क्रिकेटपलीकडे मैदानाची ओळख नाही. तर नेमकं विचारायचं काय?

माझं म्हणणं आधीच सांगतो. स्टेडियमचं रंगीत चित्र बाजूला ठेवा आणि दोन कागद मागा : संघाचा दरवर्षीचा खर्च कोण, किती वर्षं उचलणार, आणि मैदानाच्या खाली काय घालणार. देणगीदाराला स्टँडवर नाव मिळतं, म्हणून इमारतीला पैसा मिळतो. बसभाड्याला आणि माळ्याच्या पगाराला मिळत नाही.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. ऑरेगन विद्यापीठानं 1981 मध्ये बंद केलेला बेसबॉल परत आणायचं 2007 मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी कॅल स्टेट फुलर्टनहून जॉर्ज हॉर्टन यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं. पीके पार्क हे साधारण चार हजार आसनांचं मैदान बांधलं आणि 2009 च्या फेब्रुवारीत पहिला सामना खेळला. पहिल्या हंगामात 14 विजय आणि 42 पराभव, पण कार्यक्रम टिकला. दुसरीकडे बॉइझी स्टेटनं 2017 मध्ये कुस्ती बंद करून बेसबॉल आणायचं ठरवलं. संघ 2020 मध्ये मैदानात उतरला, 14 सामने झाले, कोविडनं हंगाम थांबला आणि जुलै 2020 मध्ये विद्यापीठानं पैशाअभावी खेळच बंद केला. तिथलं स्वतःचं मैदान कागदावरच राहिलं. कुस्तीच्या रूपानं किंमत मात्र ऑरेगननंही मोजली : तिथंही कुस्तीचा संघ गेला. म्हणून कोणता खेळ बंद होणार आहे हे पहिल्याच बैठकीत लेखी घ्या.

आता टाइटल नाइन. 1972 च्या या कायद्यामुळे स्त्री-पुरुषांना खेळण्याची संधी समतोल द्यावी लागते. कायदा पाळल्याचं तीन प्रकारे दाखवता येतं, पण नव्यानं पुरुषांचा संघ आणणाऱ्यांना बहुतेक वेळा विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणातच जागा दाखवाव्या लागतात. गणित सोपं आहे. बेसबॉलच्या 34 जागा धरल्या आणि तुमच्याकडे 55 टक्के विद्यार्थिनी असल्या, तर प्रमाण राखायला मुलींच्या सुमारे 42 जागा वाढायला हव्यात. ‘सॉफ्टबॉल सुरू करू, झालं’ असं कुणी म्हणालं तर थांबवा : बेसबॉलसारख्याच या मुलींच्या खेळात, खाली येणाऱ्या समझोत्यातल्या विद्यापीठांना, संघाची कमाल मर्यादा 25 खेळाडूंची आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो संघ आधीपासून असतोच. शिवाय सोयीही तोलामोलाच्या लागतात. मुलांना दिवे, चेंजिंग रूम आणि बंदिस्त बॅटिंग केज, आणि मुलींना लोखंडी बाकं, ही तक्रार ओढवून घेण्याची हमखास रीत आहे. मुलींच्या मैदानाचा खर्च याच प्रस्तावात धरलेला असायला हवा.

शिष्यवृत्त्यांचं चित्र नुकतंच बदललंय. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, बेसबॉलला वर्षानुवर्षं 11.7 शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या 27 जणांत वाटल्या जायच्या. खेळाडूंना मोबदला देण्यावरच्या हाऊस खटल्यातल्या समझोत्यात सामील झालेल्या विद्यापीठांना 2025-26 पासून 34 खेळाडूंची मर्यादा आहे आणि वाटल्यास सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. प्रस्तावातला आकडा 11.7 वर बेतला असेल आणि तुमच्या कॉन्फरन्समधले (स्पर्धा-गटातले) बाकीचे त्याच्या दुप्पट देत असतील, तर संघ तळाशीच राहणार. डिव्हिजन टूमध्ये मर्यादा 9 शिष्यवृत्त्यांची. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच. तिथली लहान कॉलेजं बेसबॉल आणतात ती उलट हिशेबानं, कारण फी भरणारे चाळीसेक विद्यार्थी संघासोबत येतात. तुमचं विद्यापीठ यातल्या कोणत्या हिशेबात बसतं, ते स्पष्ट करून घ्या.

वेळापत्रकात घाई चालत नाही. हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो, डिव्हिजन वनमध्ये कमाल 56 सामने. पहिला सामना ज्या फेब्रुवारीत, त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये मुलं कॅम्पसवर हवीत, आणि शाळकरी मुलांशी करार त्याच्याही आदल्या नोव्हेंबरात होतात. म्हणजे मुख्य प्रशिक्षक पहिल्या सामन्याच्या किमान सतरा-अठरा महिने आधी नेमलेला हवा. ऑरेगननं नेमकं हेच केलं. उशीर झाला की संघ सगळा दुसऱ्या विद्यापीठांतून आलेल्या आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजच्या खेळाडूंनी भरावा लागतो, आणि दोन वर्षांनी ते सगळे एकदम पदवी घेऊन निघून जातात. तुम्ही उत्तरेकडच्या बर्फाच्या राज्यात असाल तर पहिले तीन-चार आठवडे संघ दक्षिणेत फिरणार. विमानं आणि हॉटेलं हा मोठा खर्च आहे. सरावासाठी छताखालची जागाही लागेल.

आता मैदान. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथली चूक नंतर खोदूनच दुरुस्त करावी लागते.

कुंपणाच्या आत साधारण तीन एकर लागतात. बुलपेन (चेंडू टाकणाऱ्यांची सरावाची जागा), बॅटिंग केज, स्टँड आणि वाहनतळ त्याबाहेर. दोन्ही फाउल लाइनवर (बाजूच्या सीमारेषांवर) 330 फूट आणि मधोमध 400 फूट हे कॉलेजसाठी शिफारस केलेलं अंतर. होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) दुसऱ्या बेसकडे (समोरच्या कोपऱ्याकडे) जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी. क्रिकेटची खेळपट्टी आपण उत्तर-दक्षिण ठेवतो, तोच विचार : दुपारचं ऊन बॅटरच्या डोळ्यांत जाऊ नये. जागा अरुंद आहे म्हणून दिशा फिरवली तर दुपारी चेंडू दिसत नाही आणि सामने संध्याकाळवर ढकलावे लागतात. मधल्या कुंपणावर गडद, चकाकी नसलेला पडदा लागतो. साइटस्क्रीनचंच काम, फक्त चेंडू पांढरा म्हणून पडदा गडद. तिथं जाहिराती विकायचा मोह होतो. होऊ देऊ नका.

पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, माउंड हा उंचवटा म्हणजे 18 फूट व्यासाचं वर्तुळ, होम प्लेटपेक्षा 10 इंच उंच. वर्तुळाचं केंद्र प्लेटच्या मागच्या टोकापासून 59 फुटांवर आणि रबराची (पिचरच्या पायाखालच्या पट्टीची) पुढची कड 60 फूट 6 इंचांवर. ठेकेदार हमखास रबर वर्तुळाच्या मधोमध बसवतो आणि उताराचं सगळं माप दीड फुटानं चुकतं. रबराच्या पुढे 6 इंच सपाट, तिथून दर फुटाला 1 इंच उतार. माती चिकण लागते, ओलसर करून इंच-इंच थरांनी ठोकायची. पाय पडतो त्या जागी कच्च्या चिकणमातीच्या विटा बसवल्या नाहीत तर शनिवारपर्यंत तिथं खड्डा होतो, आणि खड्ड्यात पाय मुरगळलेला पिचर महिनाभर बाहेर बसतो. सामना संपला की दुरुस्ती करून, पाणी मारून झाकायचं. सुकू द्यायचं नाही.

इनफील्डची (चार बेसमधल्या भागाची) माती वेगळी : वाळू साठ-सत्तर टक्के, उरलेली गाळ आणि चिकणमाती, चार ते सहा इंच जाडीची. वाळू जास्त झाली तर पाय घसरतात, चिकण जास्त झाली तर पावसानंतर चिखल आणि उन्हात वीट. पुरवठादाराचं पत्रक पुरेसं नाही, आलेल्या मातीची चाचणी प्रयोगशाळेत करून घ्या. माउंडच्या पायथ्यापासून सर्व बाजूंना अर्धा टक्का उतार, आउटफील्डला (त्यापलीकडच्या गवताला) एक ते सव्वा टक्का, आणि समतलीकरण लेझरवरच. गवत आणि माती जिथं मिळतात त्या कडेवर माती साचून उंचवटा होतो; चेंडू तिथं उसळून खेळाडूच्या तोंडावर येतो, आणि पाणीही तिथंच अडतं. कडेला समांतर दाताळं ओढणं आणि आठवड्याला पाण्याच्या झोतानं ती धुणं हाच इलाज. हे करायला पूर्णवेळ माणूस लागतो, आणि अंदाजपत्रकात बहुधा तोच विसरलेला असतो.

पावसाच्या प्रदेशात कृत्रिम टर्फ योग्य ठरतं; ऑरेगन विद्यापीठाच्या यूजीन शहरातल्या पावसात पीके पार्कला तेच आहे. मात्र ते ‘देखभालमुक्त’ म्हणून विकलं जातं, ते खरं नाही. बॅटरची जागा आणि बेसभोवतीचे तुकडे आधी झिजतात, आणि दहाएक वर्षांत संपूर्ण गालिचा बदलावा लागतो. त्याचा निधी पहिल्या वर्षापासून बाजूला काढायला सांगा.

आसनांबद्दल फार नाही : हजार-दीड हजारांनी सुरुवात करा, पाया मात्र वाढीव स्टँडचा आत्ताच घाला. होम प्लेटमागची जाळी दोन्ही डगआउटच्या (खेळाडूंच्या बसण्याच्या जागांच्या) पलीकडेपर्यंत न्या. त्यात काटकसर नको. दिव्यांसाठी इनफील्डवर 70 आणि आउटफील्डवर 50 फूटकँडल (प्रकाशाचं माप) धरा, दूरचित्रवाणीवर सामने दाखवायचे असतील तर त्याहून जास्त.

शेवटी, ‘उन्हाळ्यात मैदान व्यावसायिक संघाला भाड्यानं देऊ’ हे उत्पन्न प्रस्तावात असेल तर करार नीट वाचा. पीके पार्क 2010 पासून तिथला व्यावसायिक संघ यूजीन एमराल्ड्सही वापरू लागले. त्यांचा हंगाम जूनमध्ये सुरू व्हायचा, म्हणून ते जमत होतं. 2021 मध्ये मायनर लीगची (व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या श्रेणीची) फेररचना झाली, त्यांचा वर्ग वाढला आणि हंगाम वसंतातच सुरू होऊ लागला. मग दोन्ही संघांना एकाच महिन्यांत तेच मैदान, तेच दिवे आणि तीच चेंजिंग रूम लागू लागली. तुमच्या करारात तारखांवर पहिला हक्क कुणाचा आणि लीगनं वेळापत्रक बदललं तर काय, ही दोन कलमं आहेत का, ते बघा.