झाडांमध्ये अँटिबॉडी नसतात, मग आत शिरलेल्या जंतूचं प्रोटीन त्यांना कळतं कसं?
पेशीत आधीपासूनच तयार असलेल्या रिसेप्टरमुळे, म्हणजे जंतूची चाहूल ओळखणाऱ्या प्रोटीनमुळे कळतं, आणि ते दोन जागी असतात. पेशीच्या पडद्यावरचा एफएलएस२ हा रिसेप्टर बॅक्टेरियाच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन या प्रोटीनचा जेमतेम २२ अमिनो आम्लांचा तुकडा पकडतो. आतमध्ये एनएलआर नावाचे रिसेप्टर असतात आणि मला सगळ्यात भारी हेच वाटतं, कारण त्यातले काही जंतूच्या प्रोटीनला हातही लावत नाहीत, झाडाच्याच प्रोटीनवर पहारा ठेवतात, म्हणजे अ‍ॅराबिडोप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात जंतूच्या एन्झाइमने आरआयएन४ हे झाडाचं प्रोटीन कापलं की आरपीएस२ हा रिसेप्टर लगेच जागा होतो, मग बऱ्याचदा ती पेशी स्वतःच मरते आणि जंतू तिथेच अडकतो. फक्त जंतूने स्वतःचं ते प्रोटीन थोडं बदललं किंवा टाकूनच दिलं तर तो रिसेप्टर उपयोगाचा राहत नाही, म्हणून रोगप्रतिकारक वाणसुद्धा काही वर्षांनी रोगाला बळी पडू शकतं.